नवं ग्राफिक्स कार्ड टाकूनही गेम अडखळतो: जुन्या डेस्कटॉपचं नेमकं दुखणं कसं शोधायचं

लक्षण बहुतेक वेळा सारखंच असतं. कॅबिनेट सात-आठ वर्षांचं, आत चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ या ऑनलाइन गोळीबाराच्या गेममध्ये कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम्स, निघतात त्याचा) आकडा १४० दाखवतो. पण समोरून दोघेतिघे एकदम आले आणि धूर फुटला की चित्र क्षणभर थिजतं आणि राउंड हातचा जातो. मग ग्राफिक्स कार्ड बदललं जातं. सरासरी आकडा थोडा वर सरकतो, थिजणं मात्र जिथल्या तिथे. पुढे ड्रायव्हर बदलून होतात, विंडोज नव्याने टाकून होतं, आणि काही दिवसांनी तीच तक्रार परत येते.

ती परत येते कारण आपण सरासरी एफपीएस बघतो. सरासरी १४० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला साधारण ७ मिलिसेकंद. त्यात एखादीच फ्रेम ५० मिलिसेकंदांची निघाली तर सरासरीत काहीच दिसत नाही. पण १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तेवढ्या वेळात पडदा सात वेळा ताजा होतो आणि सातही वेळा तेच जुनं चित्र दाखवतो. म्हणून स्पर्धेच्या गेममध्ये बघायचा आकडा म्हणजे फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागलेला वेळ) आणि '१ टक्का लो', म्हणजे सर्वांत हळू १ टक्का फ्रेम्सवरून काढलेला एफपीएस. सरासरी १४० आणि १ टक्का लो ५५ असेल, तर खेळताना तो संगणक ५५ चाच वाटतो.

दुसरी गोष्ट. हे गेम लोक १०८० पी वर आणि कमी सेटिंग्जवर खेळतात, त्यामुळे कार्डावरचं ओझं मुळातच हलकं असतं. प्रत्येक खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे लागली, आवाज कुठून आला, सर्व्हरकडून काय आलं, आणि कार्डाने काय काढायचं याच्या आज्ञा, हे सगळं काम प्रोसेसर आणि रॅमचं असतं. सेटिंग्ज कमी केल्याने ते फारसं कमी होत नाही. जुन्या संगणकात महागडं कार्ड ही बहुतेक वेळा चुकीची पहिली खरेदी ठरते, ती यामुळेच.

खर्चाआधी मोजणी

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर टाका. पडद्यावर एवढ्या गोष्टी दिसू द्या: जीपीयू (कार्डाची चिप) वापर, प्रत्येक कोअरचा वेगवेगळा वापर, सीपीयूचा (प्रोसेसरचा) क्लॉक (चालण्याचा वेग), सीपीयूचं तापमान, वापरलेली रॅम आणि फ्रेमटाइमचा आलेख. सीपीयूचा एकूण वापर बघू नका. आठ थ्रेडच्या (एकाच वेळी आठ कामं चालवणाऱ्या) प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड एका कोअरवर पूर्ण दबलेला असतो, तरीही एकूण आकडा ४५ टक्केच दिसतो आणि प्रोसेसरकडे अजून ताकद शिल्लक आहे असा गैरसमज होतो.

मोजणी रिकाम्या सराव मैदानात करू नका. दहाबारा खेळाडूंचा डेथमॅच (सतत लढाई चालू असते तो प्रकार) लावा, दहा मिनिटं खेळा, आलेख बघा. मग रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा आणि तसाच डेथमॅच पुन्हा खेळा. एफपीएस जवळपास तेवढाच राहिला, तर अडथळा कार्डात नाही. चांगला वाढला, तर कार्ड कमी पडतंय. ही चाचणी फुकट आहे आणि वीस-पंचवीस मिनिटांत होते. ती केल्याशिवाय कोणताही सुटा भाग घेऊ नये.

आलेखातून साधारण हे कळतं:

जीपीयू वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर: कार्ड कमी पडतंय.

जीपीयू ५० ते ७० टक्के, एखादा कोअर भरलेला: प्रोसेसर किंवा रॅमचा वेग.

तापमान ९५ अंशांच्या वर आणि त्याच क्षणी क्लॉक खाली: उष्णता.

८ जीबीपैकी साडेसात भरलेली, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के: रॅम अपुरी.

फ्रेमटाइमची रेघ सपाट, पण समोरचे खेळाडू उड्या मारत सरकतात: हा नेटवर्कचा प्रश्न आहे. संगणकावर खर्च करू नका, आधी वायफाय सोडून लॅन केबल लावून बघा.

ड्रायव्हर किंवा गेम अपडेट झाल्यावरच्या पहिल्या काही सामन्यांत नवीन शेडर (कार्डावर चालणारे चित्र काढायचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, तेव्हाही गेम थोडा अडखळतो. तो आपोआप थांबतो. त्या काळातली मोजणी धरू नका.

पैसे न लागणारी कामं

आधी केबल बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टात नव्हे, कार्डाच्या पोर्टात हवी. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्ट वापरा, कारण जुन्या एचडीएमआय पोर्टवर बऱ्याच मॉनिटरना पूर्ण रिफ्रेश रेट मिळत नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये प्रगत भागात जाऊन १४४ निवडावं लागतं. नवा मॉनिटर लावल्यावर विंडोज पुष्कळदा ६० वरच राहतं, आणि कित्येकांचा मॉनिटर वर्षभर तसाच चालतो.

पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' करा. डिस्कॉर्ड आणि ब्राउझर मागे चालत असतील तर त्यांचं हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करून एकदा तुलना करा. गेम बारचं पार्श्वभूमीतलं रेकॉर्डिंग बंद करा. चार थ्रेडच्या प्रोसेसरवर या छोट्या गोष्टींचा फरक मोजणीत दिसतो, बारा थ्रेडवर दिसत नाही.

माउसकडेही बघा. ४००० किंवा ८००० हर्ट्झ पोलिंगचे (सेकंदाला तेवढ्या वेळा आपली जागा कळवणारे) माउस आता सर्रास मिळतात. जुन्या प्रोसेसरवर असा माउस जोरात फिरवला की त्याचाच भार मुख्य थ्रेडवर पडतो आणि नेमका नेम धरताना फ्रेम्स पडतात. १००० हर्ट्झवर ठेवा.

आता उष्णता. पाच-सहा वर्षांत थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी होते आणि हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा थर जमतो. त्यामुळे इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांजवळ पोचताच स्वतःचा वेग उतरवतात, आणि आलेखात क्लॉक अचानक कोसळलेला दिसतो. इंटेलच्या मूळ कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, आणि 'टक' आवाज आला तरी बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही पिनांची टोकं पूर्ण बाहेर आली आहेत का ते बघायचं. एक पीन अर्धवट राहिली की कूलर एका बाजूने उचललेला राहतो. पेस्ट नवी लावूनही तापमान उतरलं नाही, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

एएम४ बोर्डावर (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं सॉकेट) सावध राहा. तिथे पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे कूलर सरळ वर ओढला तर कुलूपबंद सॉकेटमधूनही प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, संगणक बंद करा, वीज काढा, मग कूलर हलके डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. जुनी पेस्ट ९० टक्के किंवा जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरे. पंखा साफ करताना बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या वाऱ्याने त्याला बेभान फिरू देऊ नका.

रॅम: सर्वांत दुर्लक्षित भाग

जुन्या संगणकात एकच ८ जीबीची स्टिक असेल, तर प्रोसेसरला रॅमची अर्धीच रुंदी मिळते. दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये लावल्या की १ टक्का लो जेवढा सावरतो, तेवढा तेवढ्याच खर्चात दुसऱ्या कशाने सावरत नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट वापरात आहेत आणि वेग किती आहे ते दिसतं. चॅनल एक की दोन, हे सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मेमरी पानावर दिसतं. सीपीयू-झेड वेग निम्मा दाखवतो. ८०० दिसलं तर रॅम १६०० ची आहे, घाबरू नका.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक शेजारी-शेजारी लावू नका. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट बरोबर असतो. बोर्डाच्या पुस्तिकेत आकृती असते, ती बघून लावा.

आज ८ जीबी पुरत नाही. गेम, डिस्कॉर्ड आणि ब्राउझर मिळून रॅम भरते, विंडोज उरलेलं डिस्कवर ढकलतं, आणि ती डिस्क फिरती असेल तर थिजणं अटळ आहे. दोन बाय ८, म्हणजे १६ जीबी हे लक्ष्य ठेवा. जुन्या स्टिकच्या जोडीला दुसऱ्या कंपनीची स्टिक चालते, पण दोन्ही कमी वेगाच्या स्टिकच्या वेगाने धावतात आणि कधीकधी जोडी जमत नाही. लावल्यावर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा निदान एक पूर्ण फेरा होऊ द्या, शक्यतो चार. एकही चूक दिसली तर ती जोडी ठेवू नका. रॅमची चूक आधी गेम बंद पडण्यात आणि नंतर बिघडलेल्या फायलींत दिसते.

डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत गफलत होते. पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ व्होल्टची. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर३एल चालते. तिथे १.५ व्होल्टची स्टिक खोचू नका. डीडीआर४ घेताना आकड्याला भुलू नका. इंटेलच्या एच११० किंवा बी२५० बोर्डावर ३२०० ची रॅम लावली तरी ती प्रोसेसरप्रमाणे २१३३ किंवा २४०० वरच थांबते. रायझनचं उलट आहे. तिथे रॅमचा वेग प्रोसेसरच्या अंतर्गत जोडणीशी बांधलेला असतो, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग, चालू न केल्यामुळे ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर पडून असते. ती एक सेटिंग बदलली की फरक लगेच दिसतो. पहिल्या पिढीच्या रायझनवर ३२०० स्थिर राहिलं नाही तर २९३३ वर आणा.

एसएसडीबद्दल थोडक्यात. तिने एफपीएस वाढत नाही. नकाशा लवकर उघडतो, आणि डिस्कची वाट बघण्यामुळे येणारे झटके जातात. साधी साटा एसएसडी पुरते, गेम आणि विंडोज दोन्ही तिच्यावर ठेवा.

प्रोसेसर: त्याच सॉकेटमध्ये काय बसतं

चौथ्या पिढीचा कोअर आय५, उदाहरणार्थ ४४६० किंवा ४५९०, असेल तर त्याच एलजीए ११५० सॉकेटमध्ये आय७ ४७७० किंवा ४७९० बसतो. कोअर चारच, पण थ्रेड आठ होतात, आणि मागे चालणाऱ्या कामांना जागा मिळाल्याने थिजणं कमी होतं. इंटेलचा सर्व्हरसाठीचा झिऑन ई३-१२३१ व्ही३ हाही चार कोअर, आठ थ्रेडचा असून तो सेकंडहँड घेण्यासारखा आहे. मात्र त्यात अंतर्गत ग्राफिक्स नाही, त्यामुळे वेगळं कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच येणार नाही. ही युक्ती सहाव्या पिढीवर लावू नका. ई३-१२३० व्ही५ सॉकेटमध्ये बसतो, पण त्याला सर्व्हरचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) लागतो, एच११० किंवा बी१५० वर तो चालू होत नाही. तसंच सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, सॉकेटचं नाव एलजीए ११५१ हेच असलं तरी.

एएम४ बोर्ड असेल तर तुम्ही सुदैवी आहात. रायझन ३ १२०० किंवा रायझन ५ १६०० काढून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० टाकता येतो: सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), ६५ वॉट. जुन्या ए३२० आणि बी३५० बोर्डांपैकीही अनेकांना त्यासाठी बायोस मिळालं आहे, पण सगळ्यांना नाही. तुमच्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेल आणि आवृत्तीची प्रोसेसर यादी बघूनच घ्या. क्रम महत्त्वाचा आहे: जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा, निर्मात्याने मधले टप्पे सांगितले असतील तर ते गाळू नका, आणि वीज जाणार नाही याची व्यवस्था करा. नवा प्रोसेसर आधी बसवला तर पडदा काळाच राहतो आणि जुना पुन्हा लावावा लागतो. नावातल्या एका आकड्याचाही फरक पडतो. रायझन ५ ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबीच आहे आणि या प्रकारच्या गेममध्ये कॅश फार मोलाची असते.

रायझनवर दर काही वेळाने आवाजासकट एक-दोन सेकंद सगळंच अडकत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. विंडोज चालवताना एफटीपीएममुळे (प्रोसेसरबरोबर येणारी सुरक्षा-व्यवस्था) येणारा हा दोष एएमडीने २०२२ मध्ये मान्य केला आणि एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ असलेल्या बायोसमध्ये दुरुस्त केला. बायोस अपडेट करा, एक रुपयाही न लागता तक्रार मिटते.

प्रोसेसरवर खर्च करण्याआधी अँटीचीटचा (गेममधली फसवणूक रोखणाऱ्या सॉफ्टवेअरचा) विचार हवाच. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० मालिकेपासून पुढे चालतं, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटच्या अँटीचीटला टीपीएम २.० (सुरक्षा-चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणारी सेटिंग) दोन्ही चालू लागतात. त्यामुळे चौथ्या पिढीच्या बोर्डावर सेकंडहँड प्रोसेसर आणि रॅमपलीकडे काही घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. सिक्युअर बूटसाठी डिस्क जीपीटी या विभागणीच्या नव्या स्वरूपात हवी आणि बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद हवं. फार जुनं कार्ड असेल तर सीएसएम बंद करताच चित्र येणं थांबू शकतं, म्हणून बायोस रीसेट करण्याचा जंपर कुठे आहे ते आधीच बघून ठेवा.

कार्ड आणि एसएमपीएस एकत्रच बघायचे

मोजणीत कार्डच कमी पडतंय असं दिसलं, तर आधी एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) लेबल वाचा. वरचा '५०० वॉट' हा मोठा आकडा नव्हे, १२ व्होल्टच्या रांगेतले अँपिअर वाचा. १६ अँपिअर म्हणजे १९२ वॉट फक्त. ८४ वॉटचा प्रोसेसर, १३२ वॉटचं आरएक्स ६६०० आणि बाकीचे ५० वॉट धरले तर २६६ होतात. त्यावर १२ व्होल्टला ३० अँपिअर, म्हणजे ३६० वॉट, असले तरच निश्चिंत राहता येतं. ऐन सामन्यात निळा पडदाही न येता संगणक एकदम बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमधली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद फक्त संगणक नीट बंद झाला नाही एवढंच सांगते, कारण सांगत नाही.

स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, सहा पिनांतून आणखी ७५, आठ पिनांतून १५०. साटा कनेक्टरपासून आठ पिना बनवणारा अडॅप्टर वापरू नका. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटसाठीच बनवलेला असतो, तो वितळतो. ऑफिसमधून निघालेल्या ब्रँडेड संगणकांत एसएमपीएस पुष्कळदा खास आकाराचा आणि खास पिनांचा असतो, बाजारातला साधा त्यात बसत नाही. तिथे जोडणी न लागणारं ७५ वॉटचं जीटीएक्स १६५० हाच शहाणपणाचा मार्ग. काही मॉडेलना सहा पिना लागतात, फोटो बघून घ्या.

जुन्या बोर्डासाठी कार्ड निवडताना लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटा) मोजा. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी यांना चारच लेन आहेत. जुन्या पीसीआयई ३.० स्लॉटच्या बोर्डावर त्यांची कामगिरी घसरते, आणि ६५०० एक्सटीची ४ जीबी मेमरी भरली की झटके सुरू होतात. आरएक्स ६६०० ला आठ लेन आणि ८ जीबी आहेत, ते पीसीआयई ३.० वर व्यवस्थित चालतं. इंटेल आर्कची कार्डं रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या बोर्डावर घेऊ नका, त्यांची कामगिरी त्यावरच उभी आहे. कार्ड सर्वांत वरच्या लांब स्लॉटमध्येच लावा. खालचा स्लॉट लांबीने सारखा दिसला तरी आत बहुधा चारच लेन असतात.

सेकंडहँड कार्ड घेताना जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवून शेडरची, इथे म्हणजे चिपमधल्या गणना करणाऱ्या एककांची, संख्या तपासा. जुन्या चिपवर जीटीएक्स १०५० टीआयचं बायोस चढवून विकलेली कार्डं फिरत असतात, त्यांपैकी ओळखीच्या चिपच्या नावापुढे जीपीयू-झेड 'फेक' असं लिहून दाखवतं. आरएक्स ५८० नावाने २०४८ शेडरचं कार्डही मिळतं, पण पूर्ण ५८० मध्ये २३०४ असतात.

कार्डाच्या चिपची कंपनी बदलत असेल तर जुने ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या साधनाने काढा, मग संगणक बंद करून कार्ड बदला.

सगळं बदलायची वेळ

वरचं सगळं करूनही डेथमॅचमध्ये १ टक्का लो १०० च्या खाली असेल आणि सॉकेटमध्ये याहून चांगला प्रोसेसर बसत नसेल, तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे तिन्ही एकत्र बदला. कार्ड, एसएसडी, कॅबिनेट आणि चांगला असेल तर एसएमपीएस पुढे न्या. म्हणूनच जुन्या संगणकात पैसे घालताना पुढे नेता येणाऱ्या वस्तूंवर जास्त घाला. डीडीआर३ रॅम पुढे कुठेच चालत नाही, एसएसडी आणि एसएमपीएस चालतात.

तोवर एफपीएस खुला सोडू नका. आलेखात जो वेग जवळपास सतत टिकतो, तिथे मर्यादा घाला. १८० ते ७० च्या दरम्यान उसळणाऱ्या एफपीएसपेक्षा ११० वर बांधलेल्या सपाट रेषेत नेम जास्त चांगला धरता येतो. १४४ हर्ट्झवर फ्रीसिंक किंवा जीसिंक (मॉनिटरचा रिफ्रेश एफपीएसशी जुळवणारी सोय) चालू असेल आणि संगणक तेवढा पोचत असेल तर मर्यादा १४१ ठेवा.

बोर्ड बदलण्याआधी विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या, नाहीतर नव्या बोर्डावर ते पुन्हा सक्रिय करताना अडचण येते. ओईएम (संगणकाबरोबरच आलेलं) लायसन्स असेल तर ते जुन्या बोर्डाशीच बांधलेलं असतं, त्यामुळे नवीन घेण्याची तयारी ठेवा.